प्रति: बर्नलीचा कंटाळवाणा हंगाम

वर कुणीतरी इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल लीगमधल्या (चॅम्पियनशिप) २०२४-२५ च्या बर्नलीला 'झोप आणणारा संघ' म्हटलंय. अहो, ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले, हरले दोनच! मान्य, बरोबरीही १६ वेळा झाली, त्यातल्या काही शून्य-शून्य बघताना मीही जांभया दिल्या. पण जानेवारीतला सुंदरलंडचा सामना आठवा. शेवटच्या काही मिनिटांत दोन पेनल्टी, दोन्ही सुंदरलंडच्या इसिदोरने मारल्या, दोन्ही बर्नलीचा गोलरक्षक ट्रॅफर्डने अडवल्या. तिथे कुठली झोप?

विजेतेपद गेलं ते मात्र स्वतःच्याच स्वभावामुळे. लीड्सचेही बर्नलीइतकेच १०० गुण, पण त्यांचे गोल ९५, बर्नलीचे ६९, म्हणून गोलफरकावर (मारलेले वजा खाल्लेले गोल) लीड्स पुढे. त्यातही शेवटच्या दिवशी प्लिमथमध्ये लीड्सच्या सोलोमनने ९१व्या मिनिटाला विजयी गोल मारला नसता तर चषक बर्नलीकडेच होता. ही हळहळ अजून जात नाही.