सायनॅप्सला लागणारं प्रथिन तिथवर पोचतं कसं?

चौकस: शाळेत शिकलो ते असं की केंद्रकातल्या डीएनएची एमआरएनए प्रत निघते आणि रायबोसोम तीवरून प्रथिन बनवतात. पण चेतापेशीचे डेंड्राइट, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्या, शेकडो मायक्रॉन लांब, त्यावर हजारो सायनॅप्स, म्हणजे दुसऱ्या चेतापेशींशी जोडणारे सांधे. त्यातला एकच बळकट करायचा तर प्रथिन नेमकं त्याच्याच पत्त्यावर कोण पोचवतं?

पेशीवेडी: पोचवायची गरजच नाही, बरीच प्रथिनं तिथल्या तिथे बनतात! १९८२ मध्ये स्टुअर्ड आणि लेव्ही या संशोधकांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डेंड्राइटवरच्या काट्यांच्या (सायनॅप्स जिथे असतात त्या बारीक उंचवट्यांच्या) बुडाशी रायबोसोमचे पुंजके दिसले. अगदी सायनॅप्सच्या खाली. पेशी प्रथिनाऐवजी एमआरएनए धाडते. वाटेत तो इतर प्रथिनांत बांधलेला, गप्प असतो. संदेश आला की त्याचं वाचन सुरू. उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूचा स्मृतीशी निगडित भाग), पेशींची धडं, म्हणजे केंद्रक असलेले मुख्य भाग, वगळलेल्या थरात २,५०० हून अधिक प्रकारचे एमआरएनए सापडलेत. हे सगळे चुकून तिकडे भरकटले, असं म्हणणं मला तरी पटत नाही.

शंकासुर: रायबोसोम दिसले म्हणजे कामाला लागले असं थोडंच? तयार प्रथिन धडाकडूनही येत असेल.

पेशीवेडी: रास्त शंका. म्हणूनच मला १९९६ चा कांग आणि शूमन यांचा प्रयोग फार आवडतो. हिप्पोकॅम्पसच्या पातळ कापात बीडीएनएफ हे चेतापेशींच्या वाढीला मदत करणारं प्रथिन दिलं की सायनॅप्स बळकट होतात. त्यांनी बारीक छेद देऊन पेशींची धडंच वेगळी काढली. धडाकडून काही येण्याचा मार्ग बंद. तरीही सायनॅप्स बळकट झाले. तुम्ही म्हणाल, आधी येऊन पडलेला साठा वापरला असेल. पण प्रथिननिर्मिती रोखणारं औषध घातल्यावर त्या तोडलेल्या भागातही परिणाम होईना. म्हणजे नवं प्रथिन लागत होतं, आणि ते तिथेच बनत होतं.

चौकस: वा! मग हे बनणं थांबवतं कोण?

पेशीवेडी: थांबवणारे अनेक आहेत. सर्वात जास्त अभ्यास झालाय एफएमआरपी नावाच्या प्रथिनाचा. ते एमआरएनएला चिकटून वाचन रोखतं. त्याचं जनुक बंद पडलं की फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम होतो: बौद्धिक अक्षमता, बऱ्याचदा स्वमग्नतेची लक्षणंही. हे वाचन सुरू करणाऱ्या ग्लूटामेट रिसेप्टरला (ग्लूटामेट हा संदेशवाहक रेणू टिपणाऱ्या प्रथिनाला) आवर घातल्यावर उंदरांत सुधारणा दिसली होती. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र त्या औषधांना यश आलं नाही.