मदत हवी आहे: फ्रीटाइप आणि हार्फबझ यांचे एकमेकांवरील अवलंबित्व, विशेषतः स्टॅटिक बिल्डमध्ये

नमस्कार. मराठी ई-पुस्तके वाचण्यासाठी मी एक लहानसा मुक्तस्रोत प्रोग्राम लिहीत असून, तो कमी रिझोल्यूशनच्या जुन्या पडद्यांवरही चालावा म्हणून फ्रीटाइप (फाँटमधली अक्षरे पडद्यावर रेखाटणारी) आणि हार्फबझ (अक्षरे जोडून योग्य आकृत्या निवडणारी) या दोन्ही लायब्रऱ्या सोर्सपासून बांधून त्यात स्टॅटिक पद्धतीने, म्हणजे त्यांचा कोड प्रोग्रामच्या फाइलमध्येच घालून, जोडतो. अडचण अशी, की हार्फबझमधला एचबी-एफटी हा, फ्रीटाइपशी सांधा जुळवणारा भाग फ्रीटाइप असल्याशिवाय बांधता येत नाही आणि फ्रीटाइपच्या ऑटोहिंटरला (लहान आकारात अक्षरांच्या रेषा पिक्सेलवर नीट बसवणाऱ्या भागाला) नेमका हाच भाग असलेले हार्फबझ लागते.

सध्या मी आधी हार्फबझ वगळून फ्रीटाइप, मग हार्फबझ आणि शेवटी पुन्हा फ्रीटाइप असे तीन टप्पे करतो. पहिल्या टप्प्यावरच थांबा, असे कोणी सुचवण्याआधी सांगतो, की ते करून पाहिले आहे. १४ पिक्सेलवर ‘शिक्षक’ हा शब्द काढला, की ‘क्ष’ची शिरोरेषा शेजारच्या अक्षरांच्या रेषेला न जुळता किंचित खाली उतरते, कारण जोडाक्षराच्या ग्लिफला (फाँटमधल्या आकृतीला) स्वतःचा युनिकोड अंक नसल्याने तो देवनागरीचा आहे, हे ऑटोहिंटरला हार्फबझशिवाय कळत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. तिसरा टप्पा टाळता येईल का? आणि लिंकरला (प्रोग्राम व लायब्रऱ्या एकत्र जोडणाऱ्या साधनाला) लायब्रऱ्यांचा कोणता क्रम द्यावा? हार्फबझ आधी दिले तर त्यातले ‘एचबी_एफटी_फाँट_क्रिएट’ हे फंक्शन सापडत नाही, फ्रीटाइप आधी दिले तर त्यातले ‘एफटी_गेट_एमएम_व्हार’ सापडत नाही.

प्रतिसाद १:
तिसरा टप्पा स्टॅटिक बिल्डमध्ये टळणार नाही. फ्रीटाइपच्या नव्या आवृत्तीत हार्फबझ प्रोग्राम चालू असताना उघडण्याची सोय झाली आहे, पण त्यासाठी शेअर्ड लायब्ररी (प्रोग्रामबाहेर वेगळ्या फाइलमध्ये असलेली) हाताशी असावी लागते, म्हणजे तुमचा हेतूच बारगळतो. हार्फबझ मात्र दुसऱ्यांदा बांधू नका, त्याची गरज नाही.

लिंकर स्टॅटिक लायब्रऱ्या डावीकडून उजवीकडे एकदाच चाळतो आणि त्या क्षणी जे हवे तेवढेच उचलतो, त्यामुळे कोणताही क्रम दिला तरी एक बाजू उघडी राहते. दोन्ही नावे ‘स्टार्ट-ग्रुप’ आणि ‘एंड-ग्रुप’ यांच्या मध्ये ठेवा, म्हणजे उचलण्यासारखे नवे काही शिल्लक असेपर्यंत तो पुन्हा पुन्हा फेऱ्या मारील. याशिवाय पहिल्या टप्प्यातले फ्रीटाइप वेगळ्या फोल्डरमध्ये बसवा. एकाच ठिकाणी बसवले, तर चुकून जुनीच लायब्ररी जोडली गेल्याचे लक्षातही येत नाही. अंतिम फ्रीटाइपवर ‘एनएम’ (लायब्ररीतल्या नावांची यादी देणारी आज्ञा) चालवून ‘एचबी_एफटी_फाँट_क्रिएट’च्या अलीकडे ‘यू’, म्हणजे ‘हे बाहेरून हवे आहे’ अशी खूण, दिसतो का, तेही पाहा.

मूळ प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. ग्रुप केल्यावर लिंकरच्या दोन्ही तक्रारी थांबल्या. ‘एनएम’ची सूचना तर फारच उपयोगी पडली, कारण माझ्या संगणकावर ‘यू’ दिसला, पण स्वयंचलित बिल्डच्या यंत्रावर काहीच आले नाही. तिथे पीकेजी-कॉन्फिगचा (बसवलेल्या लायब्रऱ्या शोधून देणाऱ्या साधनाचा) मार्ग दिलेला नव्हता आणि मेसॉन या बिल्ड साधनात हार्फबझचा पर्याय ‘ऑटो’ असल्याने मेसॉनने हार्फबझ न सापडल्यावर ते मुकाट्याने वगळले होते. आता तिसऱ्या टप्प्यात तो पर्याय ‘इनेबल्ड’ केला आहे, त्यामुळे हार्फबझ सापडले नाही तर बिल्ड तिथेच थांबते.