‘इम्पेकेबल’ या शब्दासाठी मराठी प्रतिशब्द सुचवावा

नमस्कार.

एका निवृत्त ग्रंथपाल बाईंच्या गौरवग्रंथासाठी आलेल्या इंग्रजी लेखाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. त्या लेखात ‘इम्पेकेबल’ हे विशेषण चार ठिकाणी आले आहे : बाईंनी ठेवलेल्या नोंदी, त्यांचे वागणे, त्यांचा पेहराव आणि त्यांची पुस्तकांची पारख. मूळ लेखकाने एकच शब्द जाणूनबुजून पुन्हा पुन्हा योजला आहे, हे वाचताना स्पष्ट जाणवते; म्हणून मराठीतही शक्यतो एकच शब्द असावा, अशी माझी इच्छा आहे.

पहिल्यांदा सुचला तो ‘निर्दोष’. परंतु ‘निर्दोष मुक्तता’ वृत्तपत्रांतून इतकी रुळली आहे की, ‘बाईंचे वागणे निर्दोष होते’ असे लिहिताच त्यांच्यावर कधीतरी आरोप झाला असावा, असे वाटू लागते. ‘बिनचूक’ आणि ‘चोख’ नोंदींना शोभतात, पेहरावाला नाही. ‘अव्यंग’ शरीराशी जोडला गेला आहे. ‘परिपूर्ण’ मला अर्थानेच वेगळा वाटतो, कारण त्यात पूर्णत्वाला पोहोचल्याचे विधान आहे, तर ‘इम्पेकेबल’ एवढेच सांगतो की बारकाईने पाहणाऱ्यालाही उणे सापडत नाही.

शब्दाच्या मुळाशी गेल्यावर पेच अधिकच वाढला. लॅटिनमधील ‘पेक्कारे’ म्हणजे चुकणे, पाप करणे. त्याला नकारार्थी उपसर्ग लागून हा शब्द झाला. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘ज्याच्या हातून पाप घडूच शकत नाही असा’ हा धर्मशास्त्रीय होता, आणि पुढे तो वागणे, भाषा, कपडे यांच्या निर्दोषतेकडे सरकला. व्युत्पत्तीने त्याचा सख्खा भाऊ म्हणजे आपला ‘निष्पाप’. पण तो ‘निष्पाप बालक’, ‘निष्पाप नागरिक’ असा निरागसतेकडे आणि निरपराधित्वाकडे गेला. एकाच कल्पनेतून निघालेले दोन शब्द दोन भाषांत इतक्या वेगळ्या वाटांनी गेलेले पाहून मला फार नवल वाटले.

‘निष्कलंक’ चारित्र्यासाठी उत्तम आहे, परंतु तो ‘इमॅक्युलेट’ला अधिक जवळचा, कारण तेथे मूळ लॅटिन शब्द ‘मॅक्युला’ म्हणजे डाग हाच आहे. पणजीच्या प्रसिद्ध चर्चच्या नावातील ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’चे मराठी करताना ‘निष्कलंक’ सहज बसतो. माझ्या लेखातील पेहरावाला तो लावला तर केवळ कपड्यांवर डाग नव्हता, एवढाच अर्थ उरेल.

सध्या माझा कल विशेषण सोडून वाक्प्रचाराकडे झुकला आहे. ‘त्यांच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नसे’ किंवा ‘त्यांच्या नोंदींना नाव ठेवायला जागा नसे’ ही वाक्ये कानाला अस्सल मराठी वाटतात, आणि पाहणाऱ्याची चिकित्सक नजरही त्यांत येते. अडचण एवढीच की लेखाच्या शीर्षकातही हा शब्द आहे, आणि शीर्षकात इतका लांब वाक्प्रचार मावत नाही. शिवाय ‘पुस्तकांची पारख’ या शब्दांपुढे ‘बोट ठेवायला जागा नसे’ काहीसे ओढूनताणून आणल्यासारखे होते. तेथे ‘अचूक पारख’ अधिक स्वाभाविक आहे, पण मग एकाच शब्दाचा आग्रह सुटतो.

तरी जाणकारांनी कृपया दोन गोष्टी सांगाव्यात. चारही ठिकाणी चालेल असा एखादा जुना किंवा बोलीतला शब्द आपल्या ऐकण्यात आहे का? आणि नसल्यास, मूळ लेखकाची पुनरुक्ती मोडून चार वेगळे शब्द वापरणे अनुवादक म्हणून आपल्याला योग्य वाटते का? उत्तरासोबत एखादे वाक्य करून दाखवल्यास फार उपकार होतील.