आजोबांच्या रंध्याला धार कशी लावू? मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. आमचा सागवानी दरवाजा पावसात फुगून खालच्या कोपऱ्यात घासतोय. माळ्यावर आजोबांची पेटी सापडली: दोन रंधे, चार पटाश्या, एक गुण्या (काटकोन तपासायचं साधन). गंज पॉलिश पेपरने काढला. लाकडी मुठी त्यांच्या हाताने झिजून गुळगुळीत झाल्यात, म्हणून नवीन विकत घ्यायला मन होत नाही.

रंध्याच्या पात्याला 25 अंशांचा उतार ठेवून टोकाला 30 अंशांवर घासलं. तरी अखंड छिलका निघत नाही, नुसता भुगा पडतो आणि लाकूड उचकटतं. पातं जास्त बाहेर आलंय, की पात्यावर बसणारी, छिलका मोडणारी पट्टी धारेपासून लांब बसलीय?

दुसरं, दरवाजा आत्ताच तासला तर उन्हाळ्यात फट पडेल ना? धार लावायचा तेलाचा दगड बेळगावात चांगला कुठे मिळेल? जाणत्यांनी कृपया सांगा.