घरच्या किचनसाठी हाताने बनवलेली सुरी करून घ्यायचीये, स्टील आणि डिझाइन कसं ठरवू?

घोडबंदरवाला:
नमस्कार मंडळी. घरच्या किचनसाठी एक चांगली हाताने बनवलेली सुरी ऑर्डर देऊन करून घ्यायचं बरेच दिवस मनात आहे आणि आता करायचीच असं ठरवलंय. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, स्वयंपाक मी आणि बायको दोघंही करतो, रविवारी मासे असतातच पण सुरमई-हलवा असेल तर तुकडे मार्केटमधेच करून घेतो, घरी फक्त कोलंबी, बांगडे, बोंबील. बाकी आठवडाभर भाज्या. सध्या दुकानातल्या साध्या स्टीलच्या सुऱ्या आहेत, सोसायटीत धारवाला आला की धार लावून घेतो, थोडे दिवस बरं चालतं आणि मग टोमॅटो कापायचा तर आधी टोक खुपसावं लागतं.

इन्स्टावर दोन मेकर बघून ठेवलेत. एकाची डमास्कसची आहे, पात्यावर लाटांसारखी नक्षी आणि मूठ निळ्या रेझिनची, दिसायला फारच सुंदर. दुसऱ्याची एकदम साधी, कार्बन स्टील, सागवानी मूठ, पितळेच्या पिना. दोघांचे भाव जवळपास सारखेच, माझं बजेट ८ ते १० हजार. आता प्रश्न असा की स्टेनलेस घ्यावं का कार्बन, लांबी किती, मूठ कशाची, आणि मेकरला नक्की काय काय विचारायचं? अजून एक, बायको डावखुरी आहे. आणि आई विळीवरच चिरते पण कोथिंबीर-मिरचीला सुरी घेते, तीही हातात धरून, बोर्डवर नाही.

कानस_आणि_भट्टी:
दादा, मी वागळे इस्टेटला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून सुऱ्या बनवतो, विकत नाही, त्यामुळे कोणाची जाहिरात करायचा प्रश्न नाही. मला विचाराल तर दिसण्याचं शेवटी बघा. पहिला प्रश्न मेकरला हा विचारायचा की पाणी कसं देता. म्हणजे हीट ट्रीटमेंट स्वतः करता का बाहेरून करून घेता, टेंपरेचर कंट्रोलची भट्टी आहे का, आणि शेवटी हार्डनेस किती ठेवता. जो काम जाणतो तो लगेच सांगतो की एन३१ आहे, तेलात विझवलं, दोनशे डिग्रीच्या आसपास दोनदा टेंपर केलं (म्हणजे ठिसूळपणा जायला परत मंद तापवलं), ६० एचआरसी आहे (एचआरसी म्हणजे हार्डनेस मोजायचं माप). जो नुसता 'एकदम कडक माल आहे साहेब' म्हणतो त्याला पैसे देऊ नका. एन३१ म्हणजे बेअरिंगचं स्टील, बाहेरचे लोक ५२१०० म्हणतात तेच, साधारण १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम, किचनसाठी फार गुणी स्टील आहे आणि आपल्याकडे सहज मिळतं. गाडीच्या पाट्याचं स्टील पण वाईट नाही पण त्यात कार्बन ०.६ टक्क्याच्या आसपास, ते चिवट असतं, कोयत्याला उत्तम, पातळ सुरीला मात्र धार तेवढी टिकत नाही.

दुसरी गोष्ट जी फोटोत दिसत नाही आणि जिच्यावर सगळं अवलंबून आहे ती म्हणजे जाडी. आपल्याकडचे बरेच मेकर आधी जंगलात न्यायचे चाकू बनवायचे आणि मग किचनकडे वळले, त्यामुळे हात त्याच सवयीचा, ३.५-४ एमएमची पाठ ठेवतात. तसल्या सुरीने गाजर कापलं की ते कापलं जात नाही, मधेच कट्कन फुटतं, कारण पातं पाचरीसारखं आत घुसतं. धार कितीही असू दे, मागची जाडी गाजराला अडणारच. किचनच्या सुरीला मुठीपाशी २ ते २.५ एमएम पाठ, टोकाकडे पातळ होत गेलेली, आणि धारेच्या लगेच मागे पाव एमएमच्या आसपास. टाचेकडून, म्हणजे पात्याचा मुठीकडचा कोपरा असतो ना, तिथून सरळ बघत काढलेला फोटो मागा. त्यात पात्याचा छेद दिसतो, पाठीपासून धारेपर्यंत कसं उतरत आलंय ते एका नजरेत कळतं. चांगला मेकर हा फोटो आनंदाने देतो.

नेरुळची_सुगरण:
मी कार्बन स्टील वापरते आणि मला ती सुरी जिवापाड आवडते, तरी तुम्हाला सांगेन की घरात तीन जण वापरणार असतील तर स्टेनलेस घ्या. कार्बनला कांदा कापला की पातं आधी निळसर मग काळपट होतं, ते हळूहळू सगळीकडे सारखं बसतं आणि मग गंज पण कमी धरतो, ते काही वाईट नाही, पण सुरुवातीला कच्चं केळं, केळफूल, कोकम, लिंबू याला लागली की भाजीवर पण काळे डाग येतात आणि लोखंडाचा वास येतो. दर वापरानंतर धुवून लगेच कोरडी पुसायची. हे मी करते, पण माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी एकदा लिंबू कापून सिंकमधे ठेवली आणि जेवून उठेपर्यंत तांबूस ठिपके. त्यांचा काही दोष नाही, घरातल्या बाकी सगळ्या सुऱ्या तशाच ठेवतात ना. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे नवी मुंबईत काय दमट असतं ते माहितीये, तेव्हा खोबरेल तेलाचं बोट फिरवूनच ठेवते. गणपतीला गावाला जाताना तर तेल लावून कागदात गुंडाळून.

लांबीबद्दल एक. आपल्या ओट्यावर गॅस, मिक्सर, ताटाळं सगळं, चॉपिंग बोर्ड जेमतेम एक फूट. त्यावर २४० एमएमची शेफची सुरी फिरवायला जागाच नसते, टोक सारखं टाइल्सला लागतं. १६५ ते १८० एमएम पुष्कळ झालं, कोबीचा गड्डा पण होतो. आणि बोर्ड लाकडी किंवा प्लास्टिकचाच हवा. ग्रॅनाइटवर नाहीतर स्टीलच्या ताटात कापायची सवय असेल तर ती आधी मोडा, नाहीतर १० हजारांची धार एका कांद्यात जाईल.

आईंना मात्र वेगळी छोटी द्या. हातात धरून अंगठ्याकडे ओढत कापणाऱ्याला ६० एचआरसीची मोठी सुरी देऊ नये, फार खोल लागतं.

डावरा_बेलापूर:
वहिनी डावखुऱ्या आहेत म्हणून लिहितोय, मी पण. ऑर्डर देतानाच सांगा, नंतर काही करता येत नाही. जपानी पद्धतीची मूठ असेल तर काही मेकर इंग्रजी डी आकाराची करतात, एका बाजूला कंगोरा, तो उजव्या हातासाठी असतो, डाव्या हातात तो उलटा टोचतो. अष्टकोनी किंवा अंडाकृती सांगा, दोघांना चालेल. पातं दोन्ही बाजूंनी सारखं घासलेलं हवं. माशांसाठी म्हणून एका बाजूनेच धार असलेली सुरी बरेच जण सुचवतील, ती उजव्या हाताची असेल तर डाव्याने कापताना तिरकी पळते, कांद्याचे काप एका बाजूला जाड येतात. तुमच्याकडे दोन हात वेगवेगळे आहेत म्हणून ती अजिबात नको.

आणि हाताचं माप द्या. माझ्या मेकरने मला तळहाताची रुंदी विचारली, सुरी कशी धरता त्याचा फोटो मागितला, मुठीला धरता का पात्यालाच चिमटीत धरता ते विचारलं. चिमटीत धरत असाल तर पाठीचे आणि टाचेच्या वरचे कोपरे गोल करून द्यायला सांगा, नाहीतर एक किलो मटार-फरसबी निवडून कापली की तर्जनीला घट्टा पडतो. ही अर्ध्या तासाची घासाई आहे पण बरेच जण करत नाहीत.

वाशीकर:
कायद्याचं थोडक्यात, कारण कोणीतरी विचारेलच. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रात धरल्यात, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय, औद्योगिक कामासाठी बनवलेल्या त्यातून वगळल्यात. त्यामुळे किचनची सुरी घरात ठेवायला अडचण नाही. बॅगेत घेऊन उगाच फिरू नका, पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश काढतात तेव्हा असलं काही बाळगून फिरायला बंदी असते. मेकरकडून आणायची असेल तर डब्यात पॅक करून बिलासकट आणा. विमानात फक्त चेक-इनमधे.

घोडबंदरवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तपशिलात कोणी सांगेल वाटलं नव्हतं. कानस दादा, डमास्कसवर तुम्ही काही बोलला नाहीत. बायकोला ती निळ्या मुठीची फार आवडलीये म्हणून विचारतो. आणि स्टेनलेसमधे कुठलं मागू?

कानस_आणि_भट्टी:
डमास्कस वाईट नसतं हो. दोन प्रकारची स्टीलं एकावर एक रचून भट्टीत तापवून घणाने एकजीव करायची, घडी घालायची, परत ठोकायची, मग ॲसिडमधे बुडवली की एक काळं पडतं आणि निकेलवालं चमकत राहतं, ती नक्षी. फार मेहनतीचं काम आहे आणि करणाऱ्याबद्दल मला आदर आहे. पण कापतं ते धारेवरचं स्टील, नक्षी कापत नाही. ८-१० हजारात खरं हाताने ठोकलेलं पातं आणि वर पातळ नीट घासलेली सुरी हे दोन्ही बसवणं अवघड आहे, कुठेतरी हात आखडता घेतला जातो, आणि तो बहुतेक घासाईत घेतला जातो कारण ती गिऱ्हाइकाला दिसत नाही. लेझरने नुसती नक्षी मारलेले पण बाजारात ढिगाने आहेत. पाठीवर बघा, खरं असेल तर रेघा पाठीवरून पलीकडे गेलेल्या दिसतात.

मुठीचं म्हणाल तर रेझिन ओल्या हाताला घसरतं, माशाचं पाणी लागलं की जास्तच. वहिनींना निळा रंग हवा असेल तर मिकार्टा निळ्यात पण मिळतं, कापडाचे थर रेझिनमधे दाबून बनवतात, ओलं झालं तरी पकड राहते आणि पावसाळ्यात फुगत नाही. सागवान पण छान, त्याला अधूनमधून जवसाचं तेल लावत राहायचं.

स्टेनलेसमधे १४सी२८एन किंवा एईबी-एल मागा. दोन्ही बारीक दाण्याची, पातळ घासता येतात, दगडावर सहज धार घेतात. फक्त यांना हजार डिग्रीच्या वर अगदी नेमकं तापमान लागतं, लोहाराच्या कोळशाच्या भट्टीत ते जमत नाही, त्यामुळे बहुतेक मेकर एमआयडीसीतल्या व्हॅक्युम फर्नेसवाल्याकडून करून घेतात. तसं सांगितलं तर ते चांगलंच आहे, कमीपणाचं काही नाही.

आणि एक हात जोडून विनंती, ती सुरी धारवाल्याच्या चाकाला देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेचा तो केसाएवढा भाग इतका तापतो की दिलेलं पाणी उतरतं. १००० ग्रिटचा एक पाण्याचा दगड घ्या, दोन्ही बाजूंनी साधारण १५ अंश, आणि जुन्या चामडी पट्ट्यावर शेवटचे हात. आठवड्याला पाच मिनिटं पुरतात.

घोडबंदरवाला:
दुसऱ्या मेकरशी बोलणं झालं, साधी बनवणारा. १४सी२८एन मधे करून देतो म्हणाला, फर्नेसचं काम बाहेर होतं, ६० एचआरसी, पाठ २.२ एमएम, टाचेकडचा फोटो न मागता पाठवला. १७० एमएम लांबी, अंडाकृती मूठ, निळा मिकार्टा, त्यामुळे घरात पण सगळे खूश. निम्मे पैसे आधी, दीड महिना थांबायचं. आईसाठी छोटी सुरी बाजारातलीच घेतोय. आता तो विचारतोय की टाचेपाशी पात्याची उंची किती ठेवू. बायकोचा हात लहान आहे तर ४० एमएम सांगू का?

डावरा_बेलापूर:
४० नको. हात लहान असला तरी बोटांची गाठ मुठीखाली येतेच, उंची कमी पडली की दर कापाला बोटं बोर्डवर आपटतात. ४५-४७ सांगा. आणि पैसे पाठवायच्या आधी मेकरकडून त्याच मापाची आकृती मागवा, पुठ्ठ्यावर कापा, वहिनींना बोर्डवर धरून कांदा कापल्यासारखा हात चालवायला सांगा. मुठीपासून धारेपर्यंत बोटांना जागा राहते का, टोक किती वर उचलावं लागतं, सगळं तिथेच कळेल, काही बदलायचं असेल तर स्टील कापायच्या आधीच कळवता येईल.