अनुभव धागा: संसर्गजन्य आजारांविषयी समाजमाध्यमांवर लिहिताना काय घडले?

धागाकर्ती, सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापिका

कोविडच्या साथीबरोबर खऱ्याखोट्या माहितीचा जो पूर आला, त्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ‘इन्फोडेमिक’ म्हटले होते. त्या काळात आपल्यापैकी अनेकांनी आजारांविषयी लिहायला सुरुवात केली आणि काही जण आजही लिहीत आहेत. आपण लिहिले काय आणि वाचणाऱ्यापर्यंत पोहोचले काय, यांत कोठे अंतर पडले, हे मला समजून घ्यायचे आहे. फसलेले प्रयत्नही अवश्य सांगावेत.

पशुवैद्य

माझा अनुभव रेबीजचा आहे. एकदा लक्षणे दिसू लागली की हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, हे वाक्य मी एका पोस्टमध्ये सर्वांत वर आणि ठळक अक्षरांत लिहिले होते. लोकांनी गांभीर्याने घ्यावे, एवढाच माझा हेतू होता. पोस्ट पुष्कळ फिरली. काही दिवसांनी एका वाचकाचा खासगी निरोप आला की त्याला कुत्रा चावून सहा दिवस झाले आहेत, त्याने लस घेतलेली नाही आणि माझी पोस्ट वाचून ‘आता उपयोग नाही’ असे त्याला वाटते आहे. ‘लक्षणे दिसल्यावर उपाय नाही’ याचा अर्थ त्याने ‘उशीर झाल्यावर उपाय नाही’ असा घेतला होता, आणि माझ्या पोस्टमध्ये हा गैरसमज दूर करणारे एकही वाक्य नव्हते. मी त्याला त्याच क्षणी रुग्णालयात जायला सांगितले. तो गेला आणि त्याचे उपचार सुरू झाले.

त्यानंतर मी ती पोस्ट नव्याने लिहिली. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, लगेच डॉक्टरांकडे जावे आणि उशीर झाला असला तरीही जावे, ही तीन वाक्ये आता सर्वांत वर असतात. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही भीती अजूनही प्रतिसादांत दिसते. आजची लस दंडात किंवा त्वचेत देतात आणि मात्राही थोड्याच असतात, हे मी प्रत्येकाला स्वतंत्रपणे लिहितो, कारण हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा कोणाच्या तरी जखमेविषयीच विचारत असतो.

क्षयरोगातून बरी झालेली वाचक

सहा महिन्यांच्या उपचारांच्या काळात मी दर आठवड्याला चार ओळी लिहीत असे. त्या पोस्टखाली शुभेच्छांपलीकडे फारसे काही येत नसे. खरे प्रश्न खासगी निरोपांतून येत. ताटवाटी वेगळी ठेवावी का, हा प्रश्न सर्वाधिक वेळा आला. क्षयरोग भांड्यांतून पसरत नाही, तो हवेतून पसरतो आणि योग्य औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संसर्गाची शक्यता पुष्कळ कमी होते, हे मी इतक्या जणांना लिहिले की अखेर, कोणाचेही नाव न घेता, त्या प्रश्नोत्तरांचीच एक पोस्ट केली. बरे वाटू लागल्यावर गोळ्या थांबवाव्यात असे मलाही वाटले होते आणि ते मी उघडपणे लिहिले. अर्धवट उपचारांमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे वाक्य छापील पत्रकात असतेच. पण मोह झालेल्या रुग्णाकडून ते ऐकल्यावर दोन जणांनी मला कळवले की त्यांनी सोडलेल्या गोळ्यांविषयी डॉक्टरांशी पुन्हा बोलणे सुरू केले आहे.

एका रहिवासी ग्रुपची व्यवस्थापक

डेंगीविषयी आम्ही ‘पाणी साचू देऊ नका’ एवढेच लिहीत होतो आणि कोणी काही करत नव्हते. एका शेजाऱ्याने कुंडीखालच्या ताटलीतील वळवळणाऱ्या अळ्यांचा स्वतः काढलेला व्हिडिओ टाकला, तेव्हा प्रत्येक जण आपापल्या घरातील ताटल्या पाहू लागला. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात, त्यामुळे पाणी नुसते ओतून न देता भांडे घासावे लागते, हे आम्ही त्या व्हिडिओखालीच लिहिले. आता आठवड्यातून एकदा ठरल्या वारी आठवण टाकतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात. ताप उतरल्यावर निर्धास्त होऊ नये, धोक्याची अवस्था तेव्हाच सुरू होऊ शकते, ही ओळ मात्र अजून लोकांच्या मनात ठसलेली नाही.

आरोग्यविषयक चित्रे काढणारा

लसीमुळे स्वमग्नता येते, हा दावा मी मोठ्या अक्षरांत लिहून त्यावर लाल फुली मारली होती आणि १९९८ चा तो मूळ शोधनिबंध नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, ही माहिती खाली बारीक अक्षरांत दिली होती. कोणीतरी वरचा भागच कापून पुढे पाठवला आणि माझ्याच चित्राने तो गैरसमज आणखी पसरवला. याचा मला फार त्रास झाला. आता मोठी अक्षरे खऱ्या माहितीसाठी असतात: गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या समूहात १२ ते १८ जणांना बाधित करू शकतो आणि लसीच्या दोन मात्रा त्यापासून उत्तम संरक्षण देतात. खोटा दावा लिहायचाच असेल तर मधल्या ओळीत, लहान अक्षरांत लिहितो.

पशुवैद्य (पुन्हा)

वरील अनुभव वाचून मी माझी जुनी चित्रे तपासली. एकावरही तारीख नव्हती. लसीचे वेळापत्रक बदलू शकते आणि चित्र मात्र वर्षानुवर्षे फिरत राहते, म्हणून आज प्रत्येक चित्रावर महिना आणि वर्ष घालून ती पुन्हा टाकत आहे. ज्यांच्याकडे जुनी असतील त्यांनी कृपया ती काढून टाकावीत.