कोंडीत उभी असताना गाडी गरम होते, महामार्गावर होत नाही: रेडिएटर बदलावा का?

प्रश्न (बीड)
माझी पेट्रोल गाडी दहा वर्षे जुनी आहे. गेवराईमार्गे छत्रपती संभाजीनगरला जाताना तापमानाचा काटा मध्यावर स्थिर असतो. परंतु बाजारातल्या कोंडीत एसी लावून थांबलो, की थोड्याच वेळात तो लाल खुणेकडे सरकू लागतो. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळीही हळूहळू उतरते आणि ती मी घरच्या बोअरच्या पाण्याने भरून काढतो. गाडीखाली ओल दिसत नाही. गॅरेजमध्ये रेडिएटर बदलण्यास सांगितले आहे. त्यापूर्वी घरी काय तपासता येईल?

उत्तर १ (जालना)
गाडी कोणत्या परिस्थितीत गरम होते, हे आपण नेमके सांगितले आहे आणि त्यातच निम्मे निदान आहे. धावत्या गाडीचा रेडिएटर समोरच्या वाऱ्याने थंड राहतो, उभ्या गाडीत मात्र तो भार एकट्या पंख्यावर येतो. म्हणून मला पहिला संशय पंख्याचा येतो. रेडिएटर आतून तुंबला असता, तर मांजरसुंब्याचा घाट चढताना किंवा वेगात असतानाही काटा वर गेला असता.

इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरू लागतो. तो फिरला नाही, तर फ्यूज पाहा आणि पंख्याचा रिले (त्याला वीज जोडणारा छोटा स्विच) त्याच प्रकारच्या दुसऱ्या रिलेशी बदलून पाहा. तरीही फरक पडला नाही, तर इंजिन बंद करून पंख्याचा प्लग काढा व मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या: पंखा फिरल्यास दोष वायरिंगमध्ये किंवा तापमानाच्या सेन्सरमध्ये आहे, न फिरल्यास मोटरच गेली आहे. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा बोटे जपा. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धूळ, किडे व कापसाचे तंतू अडकतात. तेही साध्या पाइपच्या मंद धारेने, इंजिनच्या बाजूने बाहेर काढा. जोराच्या धारेने जाळीचे पातळ पत्रे वाकतात.

उत्तर २ (लातूर)
बोअरचे पाणी कृपया आजच थांबवा. आपल्या भागातील भूजल बहुतेक ठिकाणी जड आहे आणि ते तापले की त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. आज रेडिएटर चांगला असला, तरी हे असेच चालू राहिल्यास तो खरोखरच बदलावा लागेल. इंजिन पूर्ण थंड असताना जुने पाणी भांड्यात काढून घ्या, स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट भरा. ते तयार मिश्रण नसेल, तर सहसा निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड पाणी घेतात. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, साधे पाणी चालते’ हा समज मला फार घातक वाटतो, कारण कूलंट उत्कलनबिंदूही वाढवते आणि आतील धातूला गंजण्यापासून वाचवते.

ओल नसताना पातळी उतरते, त्यामागे रेडिएटरचे झाकणही असू शकते. सुमारे १ बार जादा दाबाखाली पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर निकामी झाले, की हा दाब टिकत नाही आणि पाणी वाफ होऊन निघून जाते. इंजिन गरम असताना हे झाकण मात्र कधीही उघडू नका, उसळलेल्या पाण्याने चेहरा व हात गंभीर भाजतात. काढलेले कूलंट अंगणात किंवा नालीत सोडू नका. ते गोड लागते, जनावरे चाटतात आणि विषबाधेने मरतात.

उत्तर ३ (परभणी)
झाकण बदलूनही पातळी उतरत राहिली, तर तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आणि कूलंटमध्ये बुडबुडे यांपैकी काही दिसते का, ते पाहा. ही हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या व खालच्या भागांमधली सील) गेल्याची लक्षणे आहेत. तशी गाडी चालवू नये आणि ते काम घरी करू नये.

प्रश्नकर्ता (बीड)
सर्वांचे आभार. एसी लावूनही पंखा फिरत नव्हता. रिले बदलताच तो सुरू झाला आणि आता गाडी उभी असतानाही काटा मध्यावर राहतो. झाकणाच्या रबरालाही तडे गेले होते, ते नवीन बसवले. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर नाही. रविवारी जुने पाणी काढून कूलंट भरणार आहे आणि त्यानंतर कूलंटच्या बाटलीवर खूण करून रोज सकाळी इंजिन थंड असताना पातळी पाहीन.